नऊची तोफ

भिवराबाईंचं गाणं आधी माझ्या मेजावर यायचं,
मग लोकांच्या कानावर.
कंपूतल्या दप्तरात मी कारकून, दरमहा अकरा रुपये.
लष्करात आज रात्री कुठे काय गायलं जाणार
ते मोडीतून सोडवून
कप्तान साहेबाला समजावून द्यायचं,
एवढंच काम.

किल्ल्यावर त्यांचं निशाण.
नऊला वरून तोफ सुटली की
परवान्यावाचून कुत्रंही रस्त्यावर नाही.
म्हणून बाई सातलाच मालकंसाला बसायच्या.
बाहेर अजून उजेड,
गवळी म्हशी घेऊन परतायचे.
‘त्याचाही परवाना संपतो,’ म्हणायच्या,
आणि तंबोरा जवळ ओढायच्या.

त्यांची एक लावणी तेव्हा घरोघर होती:
गेला शिपाई दूर गं, तवा पुसतो किती भाकरी.

साहेब म्हणाला, कुठला शिपाई?
गाण्यातला, हुजूर.
पलटण कोणती?
खिडकीबाहेर चिंच होती.
त्या वर्षी त्या चिंचेकडे
मी एकदाही मान वर करून पाहिलं नाही.
मी शिपाई खोडला. वर लिहिलं, शेजारी.
एक मात्रा जास्त झाली,
ती बाईंनी गिळली.

शनिवारी पाटणकर बाजारात
त्या गायल्या, गेला शेजारी दूर गं,
चेहऱ्यावर सुरकुती न हलवता.
आधी कुणी तरी हसलं.
मग सगळेच.
मग मागच्या रांगेत एक म्हातारा
पागोटं तोंडाशी धरून रडायला लागला
आणि हसू जागच्या जागी विझलं.

महिन्याभरात साऱ्या लष्कराला शेजारी फुटले.
विहिरीवर बायका घागर बुडवता बुडवता विचारायच्या,
काय गं, तुझ्या शेजाऱ्याचं काही कळलं?
नेपाळच्या रानात आहे म्हणतात.
माझा तर काल्पीलाच राहिला.
साहेब मला म्हणाला, हे शहर फार शेजारधर्म पाळतं.
म्हटलं, पहिल्यापासून, हुजूर.

मुरारला गोऱ्या पलटणीच्या जेवणावळीतही त्या गायल्या.
बिदागी मोजून घेतली. एक रुपया खोटा निघाला, तो बदलून घेतला.
सकाळी त्यांच्या दारावर कुणी तरी शेण फेकलेलं.
बाईंनी ते काढून अंगण सारवलं.
माझ्याकडे पाहून म्हणाल्या,
‘कारकून, हेही लिहा. ताजं होतं.’

आणि ती रात्र.
तबल्यावर तात्या बुचके, हिशेबाचा पक्का माणूस.
बाईंनी तान अशी बांधत आणली, अशी आणली,
की तोफ बरोबर समेवर पडली.
किल्ल्यावरची, सरकारी, नऊची तोफ.
अख्खी बैठक उठून वाहवा करू लागली.
मी अहवालात लिहिलं:
श्रोत्यांनी तोफेचं मनापासून स्वागत केलं.
साहेब खूश झाला. मला एक रुपया वाढ.

पुढे त्या रोजच तसं करू लागल्या.
ढगाळ दिवशी तोफ उशिरा सुटायची,
तर बाई थांबायच्या, तात्याचा हात हवेत,
सगळं लष्कर श्वास धरून.

अठ्ठावीस वर्षांनी किल्ला परत मिळाला.
पेढे वाटले. तोफ बंद झाली.
बाई त्याच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या,
खोकल्यानं, भर दुपारी.

काल सराफ्यातून येत होतो. डोळ्यांना आता कमी दिसतं.
एका माडीवर त्यांची शिष्या कृष्णी एका पोराला शिकवत होती.
तान चढत आली, समेशी आली,
आणि पोरगं गप्प.
तीन मात्रा नुसत्या रिकाम्या.
मग पुढची ओळ.
‘इथं काय असतं?’ त्यानं विचारलं.
‘जागा आहे ती,’ कृष्णी म्हणाली. ‘बाईंची जागा. भरायची नाही.’

मी खाली काठी टेकून उभा राहिलो.
तोफेची वाट पाहिली.
नऊ केव्हाच वाजून गेले होते.

मग घरी गेलो.
वहिनी उंबऱ्यात बसली होती,
तवा अजून चुलीवर.
वाट पाहत होती,
माझी नाही.